एका वर्गात बसल्याने ओळख होत नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा कुठलाही वर्ग घ्या. हजेरीपटावर धडगावचा मुलगा असतो, अहेरीची मुलगी असते, लातूर-नांदेडकडची आठ-दहा जणं, पुण्या-मुंबईची बरीचशी, शिवाय ऑल इंडिया जागांवर आलेली बिहार-राजस्थानची दोघं-तिघं. जात, धर्म, बोली, घरची ऐपत, आईवडिलांचं शिक्षण, कशाच्याही हिशेबाने बघा, इतका मिश्र वर्ग यातल्या बहुतेकांनी शाळेत पाहिलेला नसतो. तरीही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कँटीनमधली टेबलं पक्की झालेली असतात. एका शहरातली एकत्र, एका माध्यमातली एकत्र, हॉस्टेलच्या एका मजल्यावरची एकत्र. कुणाचं कुणाशी भांडण झालेलं नसतं. ओळखच झालेली नसते.

विविधता प्रवेशाच्या यादीतून येते. आरक्षण, कॅप राउंड (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्या), सरकारी वसतिगृहं, शिष्यवृत्त्या यांच्यामुळे ती आली आहे, आणि त्यासाठी आधीच्या पिढ्यांनी मोठी किंमत मोजली आहे. आलेल्या मुलांना सामावून घेणं हे मात्र वेगळं काम आहे. ‘पोरं आहेत, होतील मित्र’ म्हणून आपण ते सोडून देतो. माझं म्हणणं असं की हे काम सोडून देण्यासारखं नाही. ते व्यवस्थेचं काम आहे: कोणाची खोली कोणाबरोबर, प्रॅक्टिकलची बॅच कशी पाडली, सहलीचे पैसे किती ठेवले, तक्रार कोणाकडे करायची. मुलांची मनं चांगली आहेत की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

नुसत्या शेजाराने काय होतं?

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये एक विचार मांडला. वेगवेगळ्या गटांतली माणसं जवळ आली की एकमेकांबद्दलचे पूर्वग्रह कमी होऊ शकतात, पण सहसा चार गोष्टी जुळल्या तर. त्या ठिकाणी दोघांचा दर्जा सारखा हवा. दोघांना मिळून काहीतरी साधायचं असावं. ते एकमेकांच्या मदतीशिवाय साधू नये. आणि जी संस्था किंवा जे वरिष्ठ तिथे आहेत, त्यांचा या एकत्र येण्याला उघड पाठिंबा असावा. यातलं काही नसताना माणसं नुसती शेजारी आली, तर पूर्वग्रह तसेच राहतात, कधी कधी वाढतातही.

हे ऐकायला सरळ वाटतं, पण आपल्या वर्गाला लावून बघा. दर्जा सारखा? एकाकडे लॅपटॉप आहे, दुसरा मोबाइलवर असाइनमेंट टाइप करतो. मिळून काही साधायचं? प्रत्येकाचे मार्क वेगळे, वर प्लेसमेंटची स्पर्धा. एकमेकांवाचून अडतं का? नाही. संस्थेचा पाठिंबा? प्राचार्यांच्या पहिल्या दिवसाच्या भाषणात एक वाक्य. म्हणजे चारांपैकी एकही अट धड पुरी होत नाही.

भारतातला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा, कारण तो क्रिकेटचा आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. अभ्यासात बाराशेहून जास्त तरुण होते; त्यातले काही खेळले नाहीत, ते फक्त तुलनेसाठी होते. काही संघ एकाच जातीगटाचे ठेवले, काही मिश्र केले, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिश्र संघात खेळलेल्या तरुणांच्या दुसऱ्या जातींतल्या मैत्र्या वाढल्या. पण ज्यांची दुसऱ्या जातींशी गाठ मुख्यतः समोरचा संघ म्हणून पडली, त्यांच्यात उलटा परिणाम दिसला. मैदान तेच होतं आणि माणसंही तीच. फरक एवढाच की समोरचा माझ्यासाठी धावा काढतोय की माझ्याविरुद्ध. आपण स्पर्धा ठेवतो तेव्हा ‘कॉम्प विरुद्ध मेकॅनिकल’ किंवा ‘हॉस्टेल विरुद्ध डे-स्कॉलर’ असे संघ किती सहज करतो, ते आठवून बघा.

दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठाच्या हॉस्टेलांतला. वर्णभेदाच्या राजवटीनंतरही गोरे आणि काळे विद्यार्थी आपापल्या घोळक्यात राहत होते. खोल्यांचं वाटप आवडीनिवडीवर न सोडता झाल्यामुळे काहींना दुसऱ्या वंशाचा रूममेट मिळाला. अशा गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मनातले काळ्या लोकांबद्दलचे ठोकताळे सैल झाले. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: अशा खोल्यांतल्या काळ्या विद्यार्थ्यांचा अभ्यासातला निकाल सुधारला. आपलेपणा हा मार्कांच्या पलीकडचा, फावल्या वेळातला विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. गेल्या वर्षीच्या नोट्स कोणाकडे आहेत, कुठले सर व्हायव्हात काय विचारतात, इंटर्नशिपचा फॉर्म कधी निघतो, हे सगळं ओळखीतून कळतं. ज्याची ओळख नाही त्याला ते उशिरा कळतं किंवा कळतच नाही.

कोल्हापूर आणि सातारा

हे सगळं परदेशी संशोधकांनीच शोधलं असं मात्र नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वसतिगृहांमध्येच उभा राहिला, आणि त्याची दोन वेगळी उत्तरं आपल्याकडे दिली गेली.

शाहू महाराजांनी 1896 मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण काही काळातच ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं. त्या काळी शिक्षणात जे पुढे होते, तेच आत शिरले. सगळ्यांना दार उघडं ठेवलं की सगळे येतात, हा समज किती फसवा आहे याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. महाराजांनी ते ओळखलं आणि 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं निघाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. वरवर पाहता ही वेगळेपणाची वाट वाटते. पण ज्या मुलाच्या घरात अक्षर पोहोचलेलं नव्हतं, त्याला आधी आपल्या माणसांत, न घाबरता, दोन वेळचं जेवून अभ्यास करता यायला हवा होता. ती गरज खरी होती.

आता याच कोल्हापुरातला दुसरा प्रसंग. भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा मुलगा जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला. आल्यावर त्याला सांगण्यात आलं की आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. त्याने आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. स्वतःच्या समाजाच्या वसतिगृहाने मुलाला आसरा दिला, आणि त्याच वसतिगृहाने दुसऱ्या मुलांजवळ जाऊ नकोस म्हणून त्याला बजावलं. वेगळ्या जागेचे गुण आणि दोष एका मुलाच्या अंगावर एकदमच आले.

पुढे त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. तिथे सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहत. एकत्र राहणं म्हणजे तरी काय? पाणी भरणं, झाडलोट, दळण, स्वयंपाक ही कामं मुलांनीच करायची आणि शिजलेलं सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचं. अस्पृश्य ठरवलेल्या मुलाने मळलेल्या कणकेची भाकरी सवर्ण मुलाने खायची, त्या काळात. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. 1927 मध्ये गांधीजींनी या बोर्डिंगाला भेट दिली, आणि त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. स्वतंत्र वसतिगृहांची परंपरा घालून देणाऱ्या राजाचं नाव, सगळ्यांना एका चुलीवर जेवू घालणाऱ्या बोर्डिंगाला! मला यात विरोध दिसत नाही. आधी पाय रोवायला जागा लागते, मग एकत्र काम करायला.

ऑलपोर्टच्या चारही अटी या बोर्डिंगात होत्या, आणि त्या त्याने लिहिण्याच्या तीस वर्षं आधी. कामाच्या पाळीत सगळे सारखे, जेवण सगळ्यांचं, एकाने कामचुकारपणा केला तर सगळे उपाशी, आणि संस्थेचा प्रमुख स्वतः ठामपणे उभा. भाऊरावांनी मुलांना ‘एकमेकांशी प्रेमाने वागा’ एवढंच सांगून सोडलं नाही. त्यांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या.

आजचा वर्ग

आता पंगत वेगळी बसत नाही. वगळणं आता प्रश्नांतून होतं, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ते प्रश्न निरुपद्रवी वाटतात. ‘पूर्ण नाव काय?’ म्हणजे आडनाव सांग. ‘सीईटीला पर्सेंटाइल किती?’ हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात पहिल्या आठवड्यात सगळ्यांना विचारला जातो, पण काही जणांसाठी तो दुसराच प्रश्न असतो: तू कुठल्या कॅटेगरीतून आलास? उत्तर देताना मुलगा क्षणभर थांबतो, ते थांबणं सगळ्यांना कळतं, आणि ‘फ्रीशिपवाला’ (म्हणजे फीमाफीवर शिकणारा) हा शब्द मग वर्षभर मागे लागतो.

भाषेचंही तसंच. इंग्रजीचा न्यूनगंड सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर बोललंही जातं. मराठीतल्या मराठीत काय होतं त्यावर कोणी बोलत नाही. अहिराणी बोलणारी मुलगी वर्गात प्रेझेंटेशन देते. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच ‘पानी’ म्हणतं, दोन-तीन जण हसतात. सरही हसतात, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. पुढच्या प्रेझेंटेशनला ती मुलगी म्हणते, ‘मी पीपीटी बनवते, बोलायचं तुम्ही बघा.’ तिचा गट खूश होतो. चार वर्षं ती पीपीटी बनवते. मुलाखतीत तिला बोलता येत नाही तेव्हा शेरा पडतो, ‘कम्युनिकेशन कच्चं’. तो ‘न’ चुकीचा नव्हता. खानदेशात, वऱ्हाडात लाखो माणसं तसंच बोलतात, आणि ती मराठीच आहे. त्या हसण्याच्या वेळी शिक्षकाने एक वाक्य बोलायला हवं होतं. संस्थेचा पाठिंबा या जड शब्दांचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

महाराष्ट्राबाहेरून आलेल्यांचं एकटेपण आणखी निराळं. ऑगस्ट 2012 मध्ये अफवा पसरल्या आणि बेंगळुरू, पुणे, चेन्नई इथून ईशान्य भारतातले हजारो विद्यार्थी आणि कामगार मिळेल त्या गाडीने घराकडे निघाले. अफवा खोट्या होत्या, पण भीती खरी होती. ज्या शहरात आपण दोन-तीन वर्षं शिकतो, तिथल्या एका वर्गमित्राला फोन करून ‘खरं काय चाललंय रे?’ असं विचारता आलं असतं, तर कितीतरी जण थांबले असते असं मला वाटतं. दीड वर्षाने दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा, त्याच्या दिसण्यावरून सुरू झालेल्या भांडणात मार बसल्यावर मृत्यू झाला, आणि केंद्र सरकारला ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली.

या सगळ्यावर कॉलेजांचा आवडता उपाय म्हणजे ट्रॅडिशनल डे. नऊवारी, फेटे, कोणी लुंगी, कोणी मेखला, फोटो, फूड स्टॉल. मुलांना मजा येते, ती येऊ द्यावी. पण त्या दिवशी संस्कृती म्हणजे पोशाख आणि पदार्थ एवढीच उरते. आदिवासी पोशाख भाड्याने आणून नाचणारी मुलं आणि वर्गातला खरा, पावरा या आदिवासी जमातीचा मुलगा यांची त्या दिवशीही गाठ पडत नाही. शिवाय ज्याच्याकडे भाड्याला पाचशे रुपये नाहीत तो त्या दिवशी येतच नाही.

काय करता येतं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे गट पाडणं. ‘पाच-पाच जणांचे ग्रुप करा’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा ते कँटीनच्या टेबलांवर शिक्कामोर्तब करत असतात. दोन मिनिटांत गट होतात आणि शेवटी चार-पाच मुलं उभी राहतात; त्यांचा ‘उरलेल्यांचा’ गट होतो. दर वर्षी जवळजवळ तीच मुलं. त्याऐवजी यादी शिक्षकाने पाडावी, सत्राला एकदा बदलावी, आणि काम असं द्यावं की वाटून न घेता होणारच नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1971 मध्ये शाळांतलं वांशिक वेगळेपण मोडल्यावर वर्गांत तणाव झाला, तेव्हा इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने अशीच एक पद्धत बसवली. धड्याचे भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच भाग द्यायचा, आणि प्रत्येकाने तो बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा पूर्ण धड्यावर. मग अडखळत बोलणाऱ्याला हसून चालत नाही, कारण त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कोणाकडे नसतो. हे बी.कॉम.च्या वर्गात कंपनी कायद्यालाही करता येतं.

यात एक काळजी घ्यायची. वेगळ्या दिसणाऱ्या मुलांना प्रत्येक गटात एक-एक वाटून टाकू नये. साठ जणांत दोनच काश्मिरी मुली असतील तर त्यांना मुद्दाम तोडू नका. कोल्हापूरच्या वसतिगृहांनी शिकवलेली गोष्ट हीच आहे.

दुसरी जागा आपल्याकडे आयती आहे: एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. 1969 पासून ही योजना चालू आहे. सात दिवस एका खेड्यात राहायचं, बंधारा किंवा शोषखड्डे खणायचे, आळीपाळीने स्वयंपाक करायचा, शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकून झोपायचं. साताऱ्याच्या बोर्डिंगचा सात दिवसांचा अवतारच म्हणा. इथे शहरातल्या मुलाला कुदळ धरता येत नाही आणि गावाकडचा मुलगा त्याला शिकवतो. वर्गातला दर्जा आठवडाभर उलटा होतो. पण पाळ्या मित्र-मित्रांच्या लावल्या आणि स्वयंपाक फक्त मुलींकडे दिला, तर शिबिर वाया गेलं म्हणून समजा.

पैशाबद्दल थोडंच, कारण ते सगळ्यांना माहीत असूनही कोणी करत नाही. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अडकली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवू नये. स्वाधार आणि स्वयम् या, वसतिगृह न मिळालेल्या दलित-आदिवासी मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या योजनांचे अर्ज भरायला ऑफिसात एक माणूस नेमून द्यावा. सहल, फ्रेशर्स, टी-शर्ट यांची वर्गणी ठरवताना सगळ्यात कमी ऐपतीच्या मुलाचा विचार आधी व्हावा. आणि ‘ज्यांना परवडत नाही त्यांनी हात वर करा’ असं तर कधीही विचारू नये.

राहिली तक्रार. दिल्लीच्या एम्स या मेडिकल कॉलेजातल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने 2007 मध्येच दाखवून दिलं होतं की दलित-आदिवासी विद्यार्थी छळ टाळायला हॉस्टेलात ठरावीक मजल्यांवर गोळा होतात. 2012 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, समतेचे नियम काढले: प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र हवं, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. नियम कागदावर राहिले. 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आत्महत्या केली. 2019 मध्ये मुंबईत पुढचं वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनीही. दोन्ही वेळा जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी या दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांची मागणी मुख्यतः एवढीच होती की आहेत ते नियम पाळले जावेत. दोन आयांना त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे लिहिताना हात जड होतो.

म्हणून विद्यार्थ्यांसाठी कामाचं सांगतो. आपल्या कॉलेजात समान संधी केंद्र कुठे बसतं, तक्रार अधिकारी कोण, हे ऑफिसात विचारा. नावं नोटीस बोर्डावर लावायला सांगा. काही घडलं तर त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. ग्रुपवरचे मेसेज पुसले जाण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी ‘बघतो मी’वर थांबू नका. जातिवाचक अपमान असेल तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा 1999 चा स्वतंत्र कायदा आहे. आणि हे ज्याच्या बाबतीत घडलेलं नाही पण ज्याने पाहिलं, त्याने साक्षीदार म्हणून आपलं नाव आणि रोल नंबर त्या कागदावर लिहावा. तक्रारदार एकटा असला की ऑफिसात ‘गैरसमज झाला असेल’ म्हणून त्याला परत पाठवणं सोपं जातं. खाली दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या गावच्या तीन वर्गमित्रांच्या सह्या असल्या की ते सोपं राहत नाही.